पुलावर उतरणारी सुमन

डॉक्टर ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आले तेव्हा सुमनची पिशवी माझ्या मांडीवर होती. तिचा मुलगा महेश औषधं आणायला खाली गेला होता, सून तान्ह्या बाळापाशी आणि अंथरुणावरच्या सासऱ्यांपाशी घरी होती, त्यामुळे बातमी आधी मला कळली. डॉक्टर भला माणूस. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, माझ्या शेजारी बाकावर बसले आणि म्हणाले, “आम्ही खूप प्रयत्न केले, बाई...” पुढचं मला ऐकू आलं नाही. मी पिशवीचे बंद मुठीत घट्ट आवळले आणि खुळ्यासारखं म्हणाले, “अहो, पण ती येते म्हणून गेलीय.” या गोष्टीला आता दीड-दोन महिने होतील. भेटेल तो म्हणतो, नंदाबाई, रडून मोकळ्या व्हा. रडले की मी, बक्कळ रडले. पण रडून मोकळी होणाऱ्यातली मी नव्हे. मला राग येतो. सगळ्यांत जास्त सुमनचाच येतो. आणि राग आला की मला स्वस्थ बसवत नाही, काहीतरी हातात घ्यावं लागतं. हे लिहायला घेतलंय तेही त्यातलंच.

खरं तर मी पिशवी घेऊन बसणं हेच मुळात उलटं होतं. आम्हा दोघींना ओळखणारं कुणी त्या दिवशी तिथून गेलं असतं तर हसलंच असतं. आयुष्यभर सगळ्यांच्या पिशव्या घेऊन बसली ती सुमन, आणि पायाला भिंगरी लावून फिरले ती मी. आमची ओळख तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतली. औषधांच्या एका कंपनीत आम्ही पॅकिंगला होतो. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात, खोकी मोठ्या खोक्यात, दिवसभर हेच. मी साताऱ्याकडची. नवऱ्याला इथे फिटरचं काम लागलं म्हणून बिऱ्हाड घेऊन आले, आणि पाम गावाच्या अलीकडे एका चाळीत खोली घेतली. सुमन मूळची पामचीच. माहेर पाम, सासर पाम, शाळा पाम. मी ‘न्हाई’ म्हणायचे, ती ‘नाय’ म्हणायची, आणि पहिल्याच दिवशी आमचं भांडण झालं, कारण मी घाईघाईत माझा डबा तिच्या डब्यावर ठेवला आणि तिच्या सुकटीच्या चटणीचं तेल सांडलं. मी वर तोंड करून म्हटलं, “एवढा वास येतोय, सांडलं ते बरंच झालं.” ती शांतपणे म्हणाली, “खाऊन बघ, मंग बोल.” खाल्लं. त्यानंतर तीस वर्षं मी तिच्या डब्यातलंच खाल्लं म्हणा ना.

सुमनपाशी एक वस्तू कायम असायची. कंपनीत मोठ्या ड्रमांच्या आत घालायला जाड पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या यायच्या. त्यातली एखादी फाटकी निघाली की बाजूला टाकून देत. तसल्या एका पिशवीचा तिने चांगला ऐसपैस चौकोन कापून घेतला होता, कडेला दुमडून टीप मारली होती. कुठेही गेलं की सुमन तो चौकोन अंथरायची आणि त्यावर बसायची. आणि ती एकदा बसली की आम्ही सगळ्याजणी आपापल्या पिशव्या, चपला, पाण्याच्या बाटल्या, कुणी अंगठीसुद्धा, तिच्या पुढ्यात टाकून मोकळ्या. केळव्याच्या समुद्रावर गेलो, आम्ही पाण्यात, सुमन सुरूच्या झाडाखाली. डहाणूच्या महालक्ष्मीला गेलो, आम्ही गडावर, सुमन खाली चपलांपाशी. मी एकदा ओरडलेच, “आगं, देवीच्या दारात येऊन वर येत न्हाईस, काय म्हणावं तुला?” तर म्हणाली, “देवीला मी हितून दिसते. तू जा, परसाद आन.” आमच्यात हे कधी बोलून ठरलं नव्हतं, पण ठरलेलंच होतं. आमच्या टेबलावरची पुष्पा दीदी, ती उत्तर प्रदेशातली, कुठे निघायचं म्हटलं की तिचं पहिलं वाक्य हेच असायचं, “सामान का टेन्शन मत लो, सुमन दीदी है ना, वो बैठेगी.” आणि सुमन हसून बसायची.

सायकल मात्र ती रोज चालवायची. आमच्याकडे सपाट रस्ता, कंपनीच्या पाळीला जाणाऱ्या बायका सायकलवरच जायच्या. पामहून कंपनीकडे जाताना वाटेत एक पूल लागतो. पूल कसला, जरा उंचवटा म्हणा. पण त्या पुलाच्या पायथ्याशी आलं की सुमन उतरायची. साडीचा पदर खोचून, सायकल हाताने ढकलत, एक शब्द न बोलता पूल चढायची, आणि पलीकडे उतार लागला की पुन्हा बसायची. मी पुढे जाऊन वर थांबायचे आणि तिची टर उडवायचे. “काय गं, सायकलीला फिरायला न्हेतीस का?” वर पोचून जरा उभी राहिली की मग ती उत्तर द्यायची, “मना चालाया बरं वाटतं.” मना म्हणजे मला, ही पामकडची बोली. उन्हात, पावसात, पाळीला उशीर झालेला असताना, भोंगा वाजत असताना... हेच उत्तर. माणसाची एकेक सवय असते, कुणाला चहा बशीतून लागतो, तसं हिला पूल चालत लागतो, असं आम्ही धरून चाललो होतो.

आम्ही दोघी पाठोपाठच निवृत्त झालो. त्यानंतर वर्षभराने, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिच्याच ओट्यावर, वाणाचं ताट हातात घेऊन उभी असताना सुमन खाली कोसळली. बोईसरला नेलं, तिथून पालघरला तपासण्या, मग मुंबईच्या मोठ्या इस्पितळात. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची एक झडप आकसून दगडासारखी झालीय, ऑपरेशन करून बदलावी लागेल. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, असं त्यांनी विचारलं. सुमन म्हणाली, “आला होता. आयने लेप लावला, उतरला.” तो तापच इतकी वर्षं आत बसून काम करत होता म्हणे. मी तिथेच होते. मला वाटलं, चला, नाव तर कळलं, आता उपाय होईल. सुमनचा चेहरा मात्र वेगळाच झाला होता. खोलीतून बाहेर आल्यावर म्हणाली, “नंदे, म्हंजे ती बिमारी होती.” मी म्हटलं, “मग काय वाटलं होतं तुला?” ती पुढे चालायला लागली. ते उत्तर मला पुढे मिळालं, पण ते तिथे नाही, भलत्याच ठिकाणी.

ऑपरेशन पावसाळ्याच्या आधी करायचं ठरलं. आणि एके दिवशी दुपारी ही बाई माझ्या दारात. हातात मोबाइल. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात एक संस्था बॅटरीच्या सायकलींवरून सफर घडवते, सोबत वाट दाखवणारी गाइड असते, थेट कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत. त्याचा व्हिडिओ. आमच्याच वयाच्या बायका हेल्मेट घालून जंगलातला चढ चढत होत्या. सुमनने तो मला तीनदा दाखवला. मी झाडं बघत होते, रस्ता बघत होते. ती म्हणाली, “त्यांच्या तोंडाकडं बघ. चढावर बोलतात, नंदे. हसतात पन.” मग मोबाइल पदरात गुंडाळून म्हणाली, “आपरेशनच्या आदी मना हितं जावाचं हाय. वरपर्यंत.” मी म्हटलं, “बरी होऊन जाऊ की, लेणी काय पळून चाललीत?” तर म्हणाली, “लेनी नाय पलत. माझा भरोसा नाय.” असं बोलली की मी चिडते हे तिला माहीत होतं. मी चिडले. आणि चिडले तशी हो म्हणूनही बसले.

महेशने घर डोक्यावर घेतलं. तो कंपनीत सुपरवायझर आहे, शिस्तीचा, आईवर जीव टाकणारा. “काकू, तुम्ही तरी समजवा तिला! हार्ट पेशंट आहे ती, सायकल कसली?” मी समजवायला तोंड उघडणार तेवढ्यात सुमन म्हणाली, “मी डाक्तरला विचारते. तो नाय बोलला तर नाय.” आणि पुढच्या तपासणीला तिने खरंच विचारलं. डॉक्टरांनी आधी कपाळाला हात लावला. मग बरंच काही विचारलं, मोटर किती मदत करते, चढ केवढा, सोबत कोण. शेवटी म्हणाले, “जोर लावायचा नाही. मोटर पूर्ण चालू. पायऱ्या असतील तर चार चढा, बसा, पुन्हा चार. धाप लागली की तिथेच थांबा, आणि एकट्या जाऊ नका.” सुमनने ते परीक्षेचं उत्तर पाठ करावं तसं पाठ केलं. गाडीत बसल्यावर मला दोनदा म्हणून दाखवलं. महेश आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

थंडी संपता संपता गेलो. मी, सुमन आणि पुष्पा दीदी. पार्काच्या फाटकाशी आमची गाइड उभी होती, दर्शना. पार्कातल्याच एका पाड्यावर राहणारी, तिशीची, दोन मुलांची आई. तिने आम्हाला सायकली दाखवल्या. दिसायला जाडजूड, दांड्याला बॅटरी, मुठीजवळ मदत कमी-जास्त करायचं बटण. “ही स्कूटर नाय हां मावशी,” ती म्हणाली, “पायडल तुमीच मारायचं. मागून कुनीतरी धरून ढकलतंय असं वाटेल, तेवढंच.” पुष्पा दीदीने घाबरत घाबरत फाटकाजवळ दोन गोल चकरा मारल्या. मी विचारलं, बिबट्या दिसेल का? दर्शना म्हणाली, “तो तुमाला बघेल. तुमाला तो दिसंल असं नाय.” हेल्मेट घातल्यावर सुमन शेंगदाण्याच्या टरफलात बसल्यासारखी दिसत होती. मी हसले तर म्हणाली, “तू स्वताला आरशात बघितलंस कं?”

सुरुवातीला सपाट रस्ता. दोन्ही बाजूंनी साग, खाली वाळलेल्या पानांचा खच, मधूनच काटेसावर लाल फुलांनी पेटलेली. एक चितळांचा कळप रस्त्याच्या कडेला उभा राहून आमच्याकडे असा बघत होता की जणू आम्हीच प्राणिसंग्रहालयात आलोय. ओढे आटलेले, पांढरे धोंडे उघडे पडलेले. सायकलींचा आवाज नाहीच, नुसती टायरखाली पानं चुरडायची. मला फार बरं वाटत होतं. मग रस्ता वळला आणि पहिला चढ आला. आणि सुमनने काय केलं असेल? ती उतरली! पदर नव्हता म्हणून ओढणी खोचली, आणि ती धूड सायकल दोन्ही हातांनी ढकलायला लागली. दर्शना मागून आली. “मावशी, उतरलात कशाला? बसा ना, ती नेते.” सुमन तिथेच उभी राहिली. चढाकडे बघितलं, सायकलीकडे बघितलं, स्वतःच्या पायांकडे बघितलं. “अगो बाय,” ती म्हणाली, “पाय आपोआप उतरले.” दर्शनाने बटण दाबून मदत पूर्ण केली, मागून सायकल धरली, आणि सुमन बसली. पहिलं पायडल मारलं, दुसरं मारलं... आणि सायकल चढायला लागली.

मी तिच्या मागेच होते. मला तिची पाठ दिसत होती. आधी ताठ, आता धाप लागेल, मग लागेल, अशी वाट बघणारी पाठ. मग ती हळूहळू सैल झाली. आणि मग सुमन बोलायला लागली. काय बोलली ते विचारू नका. हे झाड बघ, आमच्या शाळेमागं होतं. ते म्हातारं माकड बघ. महेशच्या लग्नात तुझ्या नवऱ्यानं केवढे लाडू खाल्ले गं! मधेच एक गाणं गुणगुणली, मधेच दर्शनाला तिच्या मुलांची नावं विचारली. अखंड. श्वास न घेता म्हणणार होते, पण तेच तर, श्वास होता तिला. तीस वर्षांत सुमन चढावर बोललेली मी पहिल्यांदा ऐकली, आणि ही गोष्ट आपल्या आधी कधी लक्षातच आली नव्हती हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तोंडाळ नंदा गप्प, आणि सुमन अशी बडबडत चाललेली.

शेवटचा घाट चढून आम्ही लेण्यांच्या पायथ्याशी पोचलो. सायकली लावल्या. तिथून पुढे दगडी पायऱ्या, आणि पायऱ्यांवर, कठड्यावर, झाडावर, जिकडे तिकडे माकडं. दर्शना म्हणाली, “खायचं काही वर न्यायचं नाय. पिशवी दिसली की वडतात. सामानापाशी कुनी थांबलं तर बरं.” पुष्पा दीदीने सवयीने आपली पिशवी पुढे केली. “सुमन दीदी है ना, वो...” एवढं बोलून तिने जीभ चावली. कारण सुमन आधीच बसली होती! प्लॅस्टिकचा चौकोन अंथरलेला, आमचे तिघींचे डबे मांडीशी, हात पिशव्यांच्या बंदांवर. कुणी सांगायच्या आधी. तिचं तिलाच कळलं आणि तिने वर बघितलं. मला आजही ती नजर विसरता येत नाही. इतका चढ चढून आलेली बाई, आणि शेवटच्या पायऱ्यांशी येऊन सामान राखायला बसलेली!

माझं डोकं फिरलं. म्हटलं, “काढा डबे.” पुष्पा दीदी म्हणाली, “अभी? अभी तो नाश्ता किया.” म्हटलं, “सामान ऱ्हायलंच न्हाई तर राखायचं काय? काढा, खाऊन टाका सगळं.” दर्शनाने खायची परवानगी असलेली जागा दाखवली, ती काठी घेऊन माकडांकडे लक्ष ठेवून उभी राहिली, आणि आम्ही भर सकाळी दुपारचं जेवण जेवलो. माझ्या भाकऱ्या, पुष्पा दीदीची लिट्टी, सुमनची सुकट. दर्शनालाही बसवलं. पोटात जागा नव्हती, तरी एकमेकींना वाढत, हसत, ठसका लागेपर्यंत खाल्लं. शेवटचा घास सुमनने खाल्ला, डबा पालथा करून दाखवला आणि म्हणाली, “झालं. आता चोराला पन काय नाय.” रिकामे डबे पिशव्यांसकट सायकलींच्या टोपल्यांत टाकले. तिने चौकोन झटकला, घडी करून काखेत मारला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

चार पायऱ्या, मग चौकोन अंथरून बसायचं. पुन्हा चार. डॉक्टरांचा धडा ती पोथीसारखा पाळत होती. लोक आमच्या अंगावरून वर जात होते, एक शाळेची सहल धाडधाड निघून गेली. तिसऱ्यांदा बसलो तेव्हा ती पोरं वर जाताना बघत सुमन म्हणाली, “आमची पन सहल आली होती हितं. आठवीत.” मी म्हटलं, “मग तू बघितलंयस की हे!” ती म्हणाली, “नाय. मी बसमदी होते. सरांनी विचारलं, सामानापाशी कोन थांबंल? मी हात वर केला.” मी म्हटलं, “का?” ती चौकोनाची कड सारखी करत म्हणाली, “आदल्या साली काळदुर्गाच्या किल्ल्यावर नेलं होतं. मी निम्म्यावर बसले, तोंड निळं झालं. पोरी हसल्या. सर बोलले, शहरात जन्माला यायची ती हितं आली, नाजूक हाय. आय बोलली, आळशी हाय. मना वाटलं, आसंल. मंग मी ठरवलं, कुनी विचारायच्या आदी आपनच बसायचं. सामान राखलं की कुनी आळशी बोलत नाय. उलट बरं बोलतात.”

आणि तेव्हा वर केलेला तो हात तिने आयुष्यभर खाली घेतला नव्हता. केळव्याला, महालक्ष्मीला, पुलावर. दम लागतो हे कुणाला कळू नये म्हणून. आपल्यात काही कमी आहे, आपल्यालाच जमत नाही, असं धरून. कधी डॉक्टरकडे गेली नाही, कारण आळसावर कुठे औषध असतं? म्हणून तर त्या दिवशी इस्पितळात ती तशी म्हणाली होती, म्हणजे ती बिमारी होती! मी शिव्या दिल्या. म्हटलं, “सुमे, बावळट, मूर्ख बाई, मला सांगायचं न्हाईस?” ती हसली. “तू टर उडवली असतीस.” मग माझा हात धरून उठली. “चल. चार झाल्या, आता पुडच्या चार.”

वर मोठं लेणं आहे, दोन्ही बाजूंनी दगडी खांबांची रांग, आत टोकाला स्तूप, आणि बाहेरच्या उन्हातून आत गेलं की अंगावर गार हवा येते. सुमन आत गेली. मधोमध उभी राहिली. छताकडे बघितलं, खांबांकडे बघितलं, स्तूपापर्यंत चालत गेली आणि परत आली. मी वाट बघत होते, आता रडेल, आता काहीतरी बोलेल. ती म्हणाली, “एवढंच होतं?” मी म्हटलं, “म्हणजे?” ती म्हणाली, “पोरी बसमदी येऊन काय काय सांगत होत्या! मना वाटलं, सोनं हाय का काय आत.” आणि ती हसायला लागली, मी हसायला लागले, पुष्पा दीदीला काही कळलं नाही तरी तीही हसायला लागली. लेण्यात आवाज घुमतो, त्यामुळे आम्ही तिघी हसलो तरी तीसजणी हसतायत असं वाटत होतं. मग सुमनने एका खांबाला तळवा टेकवला, बराच वेळ. “पन बरं झालं बघितलं,” ती म्हणाली. “आता मागं काय ऱ्हायलं नाय.”

परतीला उतार. दर्शनाने बजावलं होतं, ब्रेक हळूहळू दाबा, एकदम नको. मी आणि पुष्पा दीदी जीव मुठीत धरून येत होतो. सुमन आमच्या पुढे होती. पहिल्या वळणाला तिने एकदा मागे वळून बघितलं, आम्ही किती मागे आहोत ते, आणि मग जी गेली ती फाटकाशीच भेटली. सायकलीला टेकून उभी. मला म्हणाली, “काय गं, सायकलीला फिरायला नेलीस कं?” तीस वर्षांची उधारी एका वाक्यात फेडली बयेने.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नर्सने तिच्या बांगड्या, मंगळसूत्र, कानातलं काढून घेतलं आणि महेशला दिलं. महेशने ते सगळं तिच्या पिशवीत घातलं. पिशवीत तिच्या चपला होत्या, ओव्याची पुडी होती, आणि तो घडी घातलेला चौकोन. स्ट्रेचर ढकलायला सुरुवात झाली तशी सुमन म्हणाली, “थांबा.” महेशच्या हातातून पिशवी घेतली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, “नंदे, आज तू बस. मी जाऊन येते.”

बसले मी. माझ्यासारखी बाई, जिला दहा मिनिटं एका जागी बसवत नाही, ती उठली नाही, चहाला गेली नाही, बसून राहिली. आणि मग डॉक्टर बाहेर आले. नंतर त्यांनी महेशला नीट सगळं समजावलं. झडप फार कडक झाली होती, हृदय थकून गेलं होतं. सायकलीचा काही संबंध आहे का, हे महेशने दोनदा विचारलं आणि नाही म्हणून त्यांनी दोनदा सांगितलं. “पंधरा-वीस वर्षांपूर्वी आल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती,” ते म्हणाले. पण दुःखाला कुणाच्या तरी अंगावर जावंच लागतं. पामला, सगळ्यांसमोर, महेश मला म्हणाला, “काकू, तुम्ही नेलंत तिला.” मी उलट बोलले नाही. एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही, पण त्याची आई गेली होती. आणि मी नेलं होतं हे खरंच आहे. पुन्हा विचारलं तर पुन्हा नेईन.

तेराव्यानंतर तो माझ्याकडे आला. पिशवीतलं सोनं मी त्याच्या हातात मोजून दिलं. उंबऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाला, “काकू... आई वरपर्यंत पोचली होती का? मला कधी सांगितलं नाही तिने. मी रागावलो होतो ना.” मी म्हटलं, “पोचली. आणि उतरताना आम्हा सगळ्यांच्या पुढं होती.” तो तिथेच उंबऱ्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. पिशवी परत देऊ लागले तर म्हणाला, “ऱ्हाऊ द्या. तिने तुम्हाला दिलीय.”

तेव्हापासून ती पिशवी माझ्या सायकलीच्या हँडलला असते. मोटर-बिटर नाही, माझी जुनीच सायकल. त्या पुलाकडे मला काही काम नसतं, तरी पाळी सुटायच्या वेळेला मी जाते. हसायचं तर हसा. परवा संध्याकाळी गेले तेव्हा बायकांचा घोळका सायकलींवरून पूल चढून गेला, आणि मागे एकटी राहिली होती. तिशी-पस्तिशीची, वाणगावकडून नव्याने कामाला येते म्हणाली. पदर खोचलेला, सायकल हाताने ढकलत, तोंडातून शब्द नाही. मी तिच्याबरोबर वरपर्यंत चालले. वर पोचल्यावर जरा दम खाऊ दिला आणि विचारलं, का गं बाई, उतरलीस? ती हसली. म्हणाली, “काय नाय ओ. मना चालाया बरं वाटतं.”

सुमनचंच वाक्य, शब्दन् शब्द. आणि मग असा राग आला! मी तिच्या सायकलीचं हँडल धरलं, पिशवीतून सुमनचा चौकोन काढला, पुलाच्या कठड्याशी अंथरला आणि म्हटलं, “खोटं बोलू नको. बस हितं.” तिला वाटलं असेल, कोण ही खुळी म्हातारी. पण बसली. मीही बसले शेजारी. म्हटलं, “मी कुणाला सांगणार न्हाई, हसणार पण न्हाई. दम कधीपासून लागतो?”

तिने खोचलेला पदर सोडला. मग हळूच म्हणाली, “लानपनापासून.”

मी म्हटलं, “उद्या सुट्टी टाक. मी येते तुझ्याबरोबर.”